न दिसणाऱ्यावरचा विश्वास

आज सकाळच्या उपासनेत बायबलमधील इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातले पहिले वचन वाचले गेले, ज्यात विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खात्री, असे म्हटले आहे. उपदेशात पाळकांनी त्याला जोड दिली की, वैज्ञानिकही न पाहिलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवतातच. मी ख्रिस्ती आहे आणि भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे वाक्य दिवसभर मनात खुपत राहिले.

भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांनी १९३० मध्ये, बीटा क्षयात (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या प्रक्रियेत) हरवणाऱ्या ऊर्जेचा हिशेब लागावा म्हणून, कोणीही न पाहिलेला कण सुचवला. तोच आजचा न्यूट्रिनो. पण १९५६ मध्ये प्रयोगातून पुरावा मिळेपर्यंत ती कल्पना खोटी ठरण्याची वाट मोकळी होती. खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांचे उदाहरण अधिक बोलके आहे: युरेनसच्या कक्षेतील विचलनावरून त्यांनी वर्तवलेला नेपच्यून १८४६ मध्ये सापडला, मात्र बुधाच्या कक्षेचे कोडे सोडवण्यासाठी तशाच पद्धतीने कल्पिलेला व्हल्कन हा ग्रह कधीच सापडला नाही आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने त्याची गरजच संपवली. (व्हल्कनसाठी कोणी उपवास धरल्याचे मात्र ऐकिवात नाही.)

येशूच्या पुनरुत्थानावरचा माझा विश्वास असा नाही. तो गृहीतक नसून एका व्यक्तीवरचा भरवसा आहे, आणि एखाद्या मोजमापावर तो सोडून देण्याची माझी तयारी नाही. तरीही जखमा पाहण्याचा हट्ट धरणाऱ्या थोमा या शिष्याला येशूने दूर लोटले नाही, उलट हात पुढे केले, हे मला फार जवळचे वाटते. पुढच्या रविवारी पाळकांशी बोलेन म्हणतो.