नोटारकडे गेलेली एक सकाळ

हॅम्बुर्गमध्ये मी जर्मन-मराठी दुभाषाची कामं घेते, बहुतेक डॉक्टरकडे नाहीतर सरकारी ऑफिसात, पण नोटारकडे परवा पहिल्यांदाच गेले. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले काका, दोन शिक्के मारले की काम खल्लास. इथे फ्लॅट घ्यायचा तर नोटार अख्खा करार मोठ्यांदा वाचतो, कायदाच आहे तसा, आणि घेणाऱ्याला जर्मन येत नसेल तर शेजारी माझ्यासारखी कुणीतरी बसून ते सगळं सांगत जाते. नाशिकचं जोडपं होतं, नवऱ्याला जर्मन छान येतं, ताईंना जेमतेम.

पहिल्याच पानावर गाडी अडली. करारात ताईंचं सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं! नवऱ्याने ईमेलमध्ये तसंच लिहून पाठवलेलं, आता कुणाला बोलणार. दुरुस्ती करून नवीन प्रिंट येईपर्यंत बसा.

म्हातारे नोटार गप्पिष्ट निघाले. म्हणाले, आमच्या या धंद्यात याच शहरात गाब्रिएल रीसर होऊन गेला, नाव ऐकलंय? मी नव्हतं ऐकलं. जन्म 1806, इथलाच, ज्यू. कायद्यातला डॉक्टर, पण हायडेलबर्गला शिकवू देईनात आणि हॅम्बुर्गात वकिली करू देईनात, कारण काय तर ज्यू माणूस शहराचा नागरिकच नाही. बाप्तिस्मा घेतला की सगळी दारं उघडत होती, कवी हाइनेने 1825 मध्ये घेतलाच की. हा बाबा हटून बसला, नाही म्हणजे नाही. 1832 मध्ये पेपर काढला आणि त्याचं नावच ठेवलं 'ज्यू', लोक ज्या शब्दाने हिणवायचे तोच. 1840 मध्ये कुठे नोटार होता आलं, आणि आठ वर्षांनी हाच माणूस फ्रँकफुर्टच्या पाउल्सकिर्शमध्ये, जर्मनीच्या पहिल्या निवडून आलेल्या संसदेत, उदारमतवाद्यांच्या बाजूने उपाध्यक्ष! तिथे मोल नावाच्या सदस्याने ज्यूंसाठी वेगळे कायदे करा म्हटल्यावर रीसर उठला आणि बोलला, आणि ती सूचना बारगळली. 1849 मध्ये प्रशियाच्या राजाला सम्राटपद द्यायला जे शिष्टमंडळ गेलं त्यातही हा होता, राजाने ते नाकारलं ती गोष्ट वेगळी. 1860 मध्ये हॅम्बुर्गच्या वरच्या कोर्टात न्यायाधीश, जर्मनीतला पहिला ज्यू न्यायाधीश. तीन वर्षांत गेला.

हे सगळं मी ताईंना मराठीत सांगत होते (याचे पैसे लावले नाहीत हां). रीसरचं एक वाक्य नोटारांना पाठ होतं, की आम्ही बाहेरून आलेलो नाही, इथेच जन्मलोय, एकतर आम्ही जर्मन नाहीतर आम्हाला देशच नाही. ताई जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, आपण तर बाहेरूनच आलोय, आणि बघा घर घेतोय. हे मी नोटारांना जर्मनमध्ये सांगितलं तर ते नुसते मान हलवत राहिले.

प्रिंट आली. परत पहिल्यापासून वाचन, पार्किंगच्या जागेपासून गच्चीच्या पाण्याच्या पाइपपर्यंत, माझा घसा बसला. शेवटी सह्या. ताईंनी हळूच विचारलं, माझी सही मराठीत आहे, चालेल ना? नोटारांनी पासपोर्टवरची सही बघितली आणि म्हणाले, अशीच करा. त्यांनी माहेरच्या आडनावासकट देवनागरीत केली, खाली नवऱ्याची, विकणाऱ्याची, मग माझी.