सगळ्यात देखणं ते कोपऱ्यात का?

गणपतीला घरी आलेली मंडळी आरती आटोपली की माझ्या प्रवाळांच्या टाकीसमोर जमतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "ते सोनेरी इतकं सुंदर आहे, ते तिकडे कोपऱ्यात, खाली का दडवलंय? मधोमध ठेवा की!" प्रसाद वाटायच्या घाईत मी "त्याला तिथेच बरं वाटतं" म्हणून वेळ मारून नेतो. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

टाकी चार फुटी आहे, ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८० लिटर खारं पाणी. इथे न्यू जर्सीत प्रवाळ पाळणारे बरेच आहेत, त्यामुळे वाढवायला तुकडे सहज मिळतात. ते सोनेरी म्हणजे टॉर्च कोरल, प्रवाळाचीच एक जात. खाली दगडासारखी कठीण दांडी आणि तिच्या तोंडाशी लांब बोटांचा मऊ झुबका.

पहिल्या वर्षी मीही ते मधोमधच ठेवलं होतं. चार बोटांवर एक जांभळं ॲक्रोपोरा होतं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ. आठवड्याभरात ॲक्रोपोराची एकच बाजू चुन्यासारखी पांढरी पडली. मी पाण्याला दोष दिला, तीनदा तपासलं. सगळं ठीक. मग एका रात्री दोनला पाणी प्यायला उठलो आणि लाल बॅटरी मारून टाकीत पाहिलं. टॉर्चच्या झुबक्यातून दोन-तीन तंतू बाहेर आले होते, काचेच्या दोऱ्यासारखे, टोकाला पांढरा मणी. दिवसा दिसणाऱ्या बोटांच्या दुप्पट लांब. प्रवाहाबरोबर झुलत ते बरोबर त्या पांढऱ्या बाजूवर टेकत होते. त्या मण्यात डंख असतो. समुद्रात उजेडाच्या जागेसाठी प्रवाळं अशीच भांडतात. काही तर आपल्या आतड्याचे धागे बाहेर काढून शेजाऱ्याला जागच्या जागी पचवतात. आपल्याकडचा बांधाचा वाद बरा म्हणायचा.

तेव्हापासून टॉर्चच्या भोवती एक वीत जागा मोकळी सोडतो. कोपरा निवडला तो याचसाठी, की पंपाचा झोत आधी बाकीच्यांवरून येतो, मग टॉर्चवरून आणि पुढे काच. रात्री तंतू लांबले तरी काच चाटत बसतात.

खाली का, तर झोत आणि उजेड दोन्ही तिथे मवाळ आहेत. टॉर्चची बोटं जोंधळ्याच्या रानात वारं शिरल्यासारखी डुलायला हवीत. सतत एकाच अंगाला दबलेली दिसली तर झोत जास्त आहे. मांस स्वतःच्याच सांगाड्याच्या धारदार कडेवर घासून फाटतं आणि एकदा फाटलं की सडायला वेळ लागत नाही. ॲक्रोपोराचं उलटं आहे. त्याला वर, दिव्याजवळ, खळखळत्या पाण्यात ठेवायचं. पण नवीन आणलेलं लगेच वर नाही! आधी तळाशी, मग दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं वर. तोपर्यंत मी दगडाला चिकटवायचा गोंदही लावत नाही.

रंगाबद्दल एक सांगतो, कारण यात मी फसलोय. प्रवाळाच्या मांसात राहणारं शेवाळ तपकिरी असतं, तेच त्याला जेवू घालतं. हिरवा, जांभळा, गुलाबी हे प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे रंग, त्यातले बरेचसे निळ्या उजेडात चमकतात. एका दुकानात निळ्या दिव्याखाली पेटल्यासारखं दिसणारं कोरल मी ऐंशी डॉलरला घेतलं. घरी पांढऱ्या उजेडात पाहिलं तर मातकट. उजेड कमी पडला की तपकिरी शेवाळ वाढून रंग झाकून टाकतं. अचानक जास्त झाला तर शेवाळच निघून जातं आणि उरतो पांढराफटक सांगाडा, वर पारदर्शक कातडी. म्हणून दुकानात मी आता दिवा बदलायला सांगतो. दुकानदाराला आवडत नाही.

पाण्याचं थोडक्यात: क्षारता आठ ते नऊ डीकेएच (हे ती मोजायचं एकक), कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, तापमान २५-२६ अंश. आकडा थोडा इकडेतिकडे चालतो, रोज वर-खाली झालेला चालत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "एक तुकडा पुण्याला नेता येईल का?" नाही. भारतात २००१पासून अशी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि अमेरिकेबाहेर न्यायलाही परवाना लागतो. पाहायचीच असतील तर पावसाळा सरल्यावर, पाणी निवळलं की, मालवणला जा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डोकं पाण्यात घाला. आणि आजीच्या अंगठीतलं पोवळं हे नव्हे. त्या लाल प्रवाळाच्या जिवाला आठ बोटं असतात, माझ्या टाकीतल्यांना सहाच्या पटीत.

यंदा एका वहिनींनी नवीनच विचारलं, "डावीकडची जागा रिकामी का?" ती रिकामी नाही. वर जे कोबीच्या पानासारखं पसरलंय ना, ते मोन्टिपोरा. त्याची सावली अजून तिथवर पोहोचायची आहे.