रीलला तर्री नको

खान्देशी माणसाचा तेलावर भारी विश्वास. भरीत असो की शेवभाजी, वर तवंग दिसला नाही तर करणाऱ्याच्या दानतीवरच शंका येते. मासे धरायच्या, गळाची दोरी गुंडाळणाऱ्या रीललाही मग तोच न्याय. जरा घरघर ऐकू आली की शिलाई मशीनच्या तेलाची कुपी तिच्यावर उपडी करायची. रील पळतेही, चार दिवस.

समुद्राकाठी रीलला खारं पाणी खातं. हतनूर, वाघूर, गिरणा या आपल्या धरणांवर पाणी गोडं, पण काळ्या मातीचा गाळ वाईट. हतनूरचे ४१ दरवाजे उघडून पूर गेला, पाणी ओसरलं, की काठावर इतका बारीक थर राहतो की तो वाळल्यावर वाऱ्यासोबत कुठंही शिरतो. कोरड्या रीलमधून तो झटकला जातो. तेलात कालवला की तिथंच बसतो आणि गिअरचे दाते झिजवतो.

नदी गढूळ असते ते दिवस रील उघडायला बरे. आधी ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी किती सहज सुटावी ते ठरवणारा ब्रेक, घट्ट करून ओल्या फडक्यानं बाहेरून पुसावं. नळाच्या धारेखाली धरू नये; धार गाळ आत ढकलते. मग ड्रॅगची खुंटी काढून स्पूल, म्हणजे दोरीचं रीळ, बाजूला. खाली ताट, ताटात पांढरं फडकं, कारण बारीक स्प्रिंग उडाली तर फरशीवर सापडत नाही. प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो घ्यावा. गिअरच्या बाजूला कागदासारखी पातळ चकती असते, ती हमखास जुन्या ग्रीससोबत पुसून फेकली जाते. ती गेली की गिअर हलतो आणि कितीही ग्रीस भरा, घरघर जात नाही. एखादा नट हटून बसला तर जोर लावण्याआधी आटे उलटे नाहीत ना, ते पाहावं.

जुनं ग्रीस कापसाच्या काडीनं आणि टूथब्रशनं काढावं, उरलेलं मेडिकलवर मिळणाऱ्या स्पिरिटनं. पेट्रोल आणि थिनर प्लास्टिक बिघडवतात, शिवाय घरात शेगडी असते. हँडलच्या मुठीत कणकेचा नाहीतर पेंडीचा वाळलेला चारा सापडेल. गोळा वळलेल्या हातानंच आपण हँडल फिरवतो.

गिअरच्या दात्यांना हरभऱ्याएवढं ग्रीस पुरे, तेही ब्रशनं पसरून. तेल फक्त भरभर फिरणाऱ्या जागी: मुठीत एक थेंब, बेलच्या, म्हणजे दोरी स्पूलवर नेणाऱ्या तारेच्या कमानीच्या, दोन्ही सांध्यांत एकेक आणि लाइन रोलरला, म्हणजे दोरी जिच्यावरून वळते त्या छोट्या चाकीला, एक. मेडिकलवरची इन्सुलिनची सिरिंज यासाठी झकास. खोबरेल मात्र नको. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि जळगावची डिसेंबरची पहाट त्याहून बरीच गार असते. शेंगदाण्याचं तेल काही दिवसांनी चिकट होतं.

सगळ्यात दुर्लक्षित तो लाइन रोलर. नखानं फिरवून पाहावा. अडला असेल तर दोरी एकाच जागी घासत राहते, रोलरवर चर पडतो, नायलॉन खरबरीत होतं आणि पीळही पडतो. मग मोठा कटला लागतो, दोरी तुटते, आणि दोष दोरीच्या कंपनीला. स्क्रू काढून आतलं बेअरिंग स्पिरिटमध्ये हलवायचं, वाळवायचं, एक थेंब द्यायचा. पाच मिनिटांचं काम.

स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाखाली, म्हणजे रोटरखाली, उलट फिरणं थांबवणारा क्लच असतो. त्यातले बारीक रोळ दांड्याला घट्ट धरतात म्हणून हँडल मागं फिरत नाही. तिथं ग्रीस पोचलं की रोळ घसरतात आणि ऐन ओढीत हँडल उलटं फिरून बोटांवर आपटतं. लोक समजतात क्लच गेला. बहुतेक वेळा तो फक्त तेलकट झालेला असतो. स्पिरिटनं पुसून कोरडा केला की कामाला लागतो. तोफेत दारूगोळा ठासावा तसं ग्रीस ठासलं की ते कुठंतरी जाणारच, आणि जायची जागा बहुधा हीच.

ड्रॅगच्या चकत्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या, असतील तर त्यांना ड्रॅगचंच ग्रीस, पातळसं. साधं तेल लागलं की दोरी सरळ न सुटता झटक्यांनी सुटते. घरी ठेवताना ड्रॅग ढिला करावा, नाहीतर फेल्ट दबून राहतं.

आणि मे महिन्यात रील मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. भुसावळच्या उन्हात ग्रीसमधलं तेल सुटं होऊन वाहतं, ते थेट क्लचमध्ये.