त्या वर्षी मी घरीच होते

गोव्यात सरकारी नोकरीला अर्ज करायचा तर पदवी, टायपिंग आणि कोकणीचं ज्ञान यांच्या जोडीला आणखी एक कागद लागतो. १५ वर्षं गोव्यात राहिल्याचा मामलेदारांचा दाखला. त्याला रहिवासी दाखला असं पूर्ण नाव घेऊन कोणी बोलत नाही. ‘फिफ्टीन इयर्स काढलंस?’ असं विचारतात, दाढ काढलीस का विचारावं तसं. आणि दुखतंही साधारण तेवढंच.

मी तो २०२५ च्या पावसाळ्यात काढला, एलडीसीच्या, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या जागेसाठी. एकूण नऊ खेपा झाल्या, त्यांतल्या पाच एकाच टेबलासमोर. त्या टेबलाबद्दलच लिहायचं आहे, कारण बाकीचं सगळं मी विसरून गेले असते. दोन्ही तालुक्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नोकरी लागलीच तर कुठे नेऊन बसवतील सांगता येत नाही. माहेर खाणपट्ट्यात, सासर समुद्राकडे, मध्ये म्हापशाला बस बदलायची, एवढं पुरे.

सुरुवात इतकी सरळ झाली की मला थोडा गर्वच चढला. रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड होतंच, त्याच्यावर पत्ता सासरचा करून घेतला. गोवा ऑनलाइनवर अर्ज भरला, जन्मदाखला, आधार, शाळेचे दाखले चढवले. नावाची भीती होती, कारण शाळा-कॉलेजच्या कागदांवर मी माहेरची आणि आधारवर सासरची. पण आपल्याकडे लग्न म्हणजे नागरी नोंदणी आलीच. सब-रजिस्ट्रारसमोर आधी एकदा आणि मग पुन्हा एकदा जाऊन सह्या करताना मला ते जिवावर आलं होतं. आता त्याच दाखल्याने काम केलं. त्याच्या जोडीला ‘ही आणि ती एकच बाई’ असं ऍफिडेव्हिट लावलं आणि नावाचा प्रश्न मिटला. नव्याने लग्न झालेल्या मुलींनी लग्नाच्या दाखल्याच्या दोन-तीन प्रती काढूनच ठेवाव्यात.

सासरचे तलाठी भला माणूस. घरी येऊन गेले, घरपट्टीची पावती पाहिली, सासूबाईंनी दिलेला चहा घेतला आणि म्हणाले, “बाय, तुझं लग्न २०२१ ला झालं. मी चार वर्षांचं लिहू शकतो. आधीची अकरा वर्षं माझ्या सजात नव्हतीस, त्यांचं मला काय ठाऊक? ती माहेराहून आण.”

म्हणणं बरोबर होतं. माहेरच्या कचेरीत गेले, तर तिथे पहिल्या दिवशी सांगितलं, आता राहतेस तिथल्या मामलेदारांकडे जा. परत आले. इथे म्हणाले, आम्हाला त्यांचा अहवाल हवा. पुन्हा गेले. “सायब भायर गेल्यात. फाल्यां यो.” साहेब बाहेर गेलेत, उद्या ये. या तीन खेपा कोणालाच चुकत नाहीत असं मला नंतर कळलं. तुम्ही एक करा, जिथे आता राहता तिथल्या कचेरीतून ‘अमुक ते अमुक काळाचा अहवाल पाठवावा’ असं लेखी घेऊनच दुसऱ्या तालुक्यात जा. तोंडी निरोप नेणाऱ्याला तोंडीच उत्तर मिळतं.

चौथ्या खेपेला माझे कागद त्या टेबलावर एकदाचे उघडले गेले. टेबल खिडकीजवळ, खिडकीला पावसाची झड लागू नये म्हणून कॅलेंडरचा पुठ्ठा लावलेला. कारकून बाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारली, डावीकडे वर्षं लिहिली, २०१० पासून खाली. उजवीकडे एकेक कागद पाहून बरोबरची खूण. दहावी, खूण. अकरावी-बारावी, खूण. २०१४ ते २०१७ बी.कॉम., खूण. त्यापुढे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली नोकरी, पीएफची पानं, खूण. मग पेनाचं टोक मागे गेलं आणि एका जागी थांबलं.

“जून २०१३ ते जून २०१४. हें खंय?”

“घरी होते.”

“घरी म्हणजे? कागद काय आहे?”

मी बारावी झाले ते वर्ष. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि बाबांचा ट्रक अंगणात लागला तो लागलाच. आमच्या वाड्यावर तसे अकरा ट्रक होते. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावर काकडीचा वेल चढला होता. बँकेचा हप्ता थकला होता, धाकटा भाऊ दहावीला होता, म्हणून मी एक वर्ष कॉलेज थांबवलं. आईला काजूच्या बागेत रोजावर जावं लागे, तेव्हा स्वयंपाक, पाणी, आजीचं औषधपाणी माझ्याकडे. आयुष्यात मी घराबाहेर सगळ्यांत कमी पडले ते याच वर्षी. आणि गोव्यात नसण्याचा संशय आला तोही याच वर्षाबद्दल!

“मुली मावशीकडे जाऊन राहतात, सावंतवाडीला, दोडामार्गाला,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तू गेली नव्हतीस कशावरून?”

मला राग आला, पण उत्तर नव्हतं. खरंच, कशावरून? शाळेत गेलं तर हजेरीपट असतो, कामाला गेलं तर पगारपत्रक असतं. चुलीपाशी कोणी हजेरी घेत नाही.

मग सुरू झाली कागदांची शिकार. रेशनकार्डावर माझं नाव होतं. बाई म्हणाल्या, नाव असतं, माणूस मुंबईलाही असतो. सरपंचांचं पत्र नेलं. बाईंनी तारीख पाहिली आणि विचारलं, हे निवडून कधी आले? २०२२ ला. मग २०१३ चं हे कसं सांगतात? (त्यांचा जन्म आमच्याच वाड्यावरचा, मला ते लहानपणापासून ओळखतात, पण पत्र सरपंच म्हणून दिलेलं.) शेजारच्या दोन काकांची ऍफिडेव्हिटं केली. ती घेतली, फाइलला लावली आणि म्हणाल्या, याला आधार द्यायला एक तरी सरकारी कागद हवा. आईच्या नि माझ्या जोडखात्याचं पासबुक काढलं, तर त्या वर्षात एकही नोंद नाही. पैसेच नव्हते, तर नोंद कसली होणार!

त्या रात्री माहेरीच राहिले. बाबांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. आत एक जाडजूड फाइल, रबर बँड सुकून कागदाला चिकटलेला. ट्रकची फाइल. आरसी, विमा, फिटनेस, रोडटॅक्स, खाणीवरच्या फेऱ्यांच्या चिठ्ठ्या, बंदीनंतर बँकेने पाठवलेल्या नोटिसा, सगळं तारीखवार. २०१३-१४ चं तर पुडकंच्या पुडकं. बाबा एकेक कागद दिव्याखाली धरत होते आणि प्रत्येकावर ट्रकचा नंबर होता, त्यांचं नाव होतं, घराचा पत्ता होता. त्या ट्रकला फिफ्टीन इयर्स एका दिवसात मिळालं असतं. मी हसायला लागले. बाबा हसले नाहीत. “तुझं कायच ठेवलं नाय गो,” एवढंच म्हणाले आणि फाइल पुन्हा बांधायला नवीन सुतळी शोधत बसले.

आमच्या वाड्यावरच्या एकाची आठवण मला तेव्हा फार येत होती. त्याच्या आजोबांचा जन्म १९६१ च्या १९ डिसेंबरआधीचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. त्या एका जन्मनोंदीवर लिस्बनहून कागद करून तो पोर्तुगीज झाला आणि ब्रेक्झिटच्या आधीच इंग्लंडला पोचला. तिथे नवी नोकरी धरताना तो मालकाला नऊ अक्षर-आकड्यांचा एक कोड देतो. मालक तो सरकारी वेबसाइटवर घालतो आणि याला काम करायचा हक्क आहे की नाही ते फोटोसकट समोर येतं. कोड ९० दिवस चालतो, संपला की नवा काढायचा. हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हापशाच्या बसस्टँडवर ओल्या छत्रीने उभी होते. अर्थात तिकडचं नागरिकत्व घेतलं की इकडचं जातं, सरकारी नोकरीचं नाव काढायची सोय राहत नाही, हे त्यानेच पुढे सांगितलं. तरी मला त्याचा हेवा वाटला, खोटं का बोलू.

घरी दीर वकिलीचा अभ्यास करतो. त्याला एक नवीनच विषय सापडला होता. राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीत निवासाच्या जागेवरून भेदभाव करू देत नाही, राहण्याची अट घालायची तर तो कायदा फक्त संसद करू शकते, मग हा दाखला कुठल्या आधारावर, असं तो जेवताना सांगे. मुद्दा पटण्यासारखा आहे. पण कलम घेऊन खिडकीशी उभं राहणाऱ्याला टोकन मिळत नाही. मी त्याला म्हटलं, “भाऊजी, हे कोर्टात नक्की मांडा. तोवर मला स्कूटरवरून बसस्टॉपपर्यंत सोडा.”

आणि हो, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीच्या पंधरा दिवसांत कुठल्याही कचेरीत जायचं ठरवू नका. मी गेले. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती. २२ ला माझ्या टेबलावर कोणी नव्हतं, शेजारच्या टेबलावर माटोळीच्या (गणपतीवर फळाफुलांची आरास टांगतात तिच्या) सुपाऱ्यांचा घड ठेवलेला होता आणि तिथल्या गृहस्थांनी मला तो केवढ्याला मिळाला ते सांगितलं. माझी ती खेप तेवढ्यावर संपली.

सुटका झाली ती आईमुळे. चवथीला माहेरी गेले होते. खिरापतीची वाटी भरता भरता ती सहज म्हणाली, “त्या वर्षी तू पहिल्यांदा मत दिलंस ना? बोटाची शाई जाईना म्हणून घासत बसली होतीस.”

१२ एप्रिल २०१४, शनिवार. लोकसभेचं मतदान. मी १८ पुरी झाले होते, गावच्या शाळेत रांगेत उभी राहिले होते, माझं मतदारयादीत नाव होतं! जुनं मतदारकार्ड लग्नानंतर पत्ता बदलताना गेलं, म्हणून ते माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. आणि गंमत ही, की निवडणूक शाखा त्याच इमारतीत, त्याच टेबलाच्या बरोबर वरच्या मजल्यावर. पाच वेळा मी तिच्या जिन्याखाली छत्री झटकली होती.

चवथ सरल्यावर गेले. वरच्या गृहस्थांनी अर्ज लिहून घेतला, कपाटातून २०१४ ची यादी काढली. आमच्या गावचा भाग, मग पानामागून पान. त्यांचं बोट रकान्यातून खाली घसरत होतं आणि मी उलटी वाचत होते. आजी, तिच्यावर रद्दचा शिक्का. बाबा. आई. मग मी. वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय १८, आणि अंगठ्याएवढा काळपट फोटो, दोन वेण्या, भेदरलेला चेहरा. त्या पानाची साक्षांकित प्रत तिसऱ्या दिवशी मिळाली.

ती घेऊन खाली आले. बाईंनी तो पहिल्या दिवशीचा कागद फाइलमधून काढला, उभी रेघ मारलेला. २०१३-१४ समोर खूण केली. बाकी काही बोलल्या नाहीत. मी मात्र बोलले, मला राहवलं नाही. “पहिल्याच दिवशी वर पाठवलं असतंत तर?” त्या म्हणाल्या, “तू विचारलं नाहीस.” यावर मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर त्यांनी तो कागद नीट जपून ठेवला होता, आणि ऍफिडेव्हिटंही जशीच्या तशी जागेवर होती. काही कचेऱ्यांत फाइलच सापडत नाही म्हणतात.

पुढचं आठवड्यात झालं. माहेरचा अहवाल गेला, सासरच्या तलाठ्यांनी आपली चार वर्षं जोडली, आवल कारकुनांकडून फाइल वर गेली आणि एका दुपारी फोनवर मेसेज आला. दाखला मीच डाऊनलोड केला. अर्धं पान. त्यात ते वर्ष वेगळं कुठेच दिसत नाही, सगळी पंधरा एका ओळीत.

नणंदेलाही आता हाच दाखला हवा आहे. ती जन्मापासून एकाच घरात, शाळा-कॉलेज सलग, तिचं तलाठ्यांच्या एका चहात होईल. तिची प्राथमिक शाळा मात्र पटसंख्येअभावी बंद पडली आहे, तेव्हा तिला म्हटलं, तिथले जुने दाखले भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत विचार, आणि आजच विचार. ज्यांच्या शिक्षणात वर्ष-दोन वर्षांची फट आहे त्यांनी अर्ज भरण्याआधी माझ्यासारखी उभी रेघ स्वतःच मारून पाहावी. फट दिसली की मतदारयादी, लर्निंग लायसन, सरकारी इस्पितळाचा केसपेपर, जे त्या वर्षातलं सापडेल ते आधी हुडकून ठेवावं.

नोकरीचा अर्ज शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी गेला. परीक्षेच्या पुस्तकांचं पार्सल त्याच्याही आधी आलं होतं. त्याची चिकटपट्टी अजून काढलेली नाही.