आमची वाटचाल : एका खारट पोत्यापासून पुढे

सिंहगड रस्त्यावर आमचं छोटं दुकान आहे. गच्चीवर, बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांना लागणारं बहुतेक सगळं मिळतं : ग्रो बॅग, रोपं, बी, निंबोळी पेंड, गांडूळखत आणि आमचं स्वतःचं भरणमिश्रण. सुरुवात घरच्या क्रेटमधल्या मेथीपासून झाली. ते सगळ्यांचं सारखंच असतं, सोडून देतो. पहिली वर्षं नीट गेली. सांगायचं आहे ते 2020 चं.

मिश्रणात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा हलका भुसा, का, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. ओल्या लाल मातीच्या जड कुंड्या गच्चीवर चढल्या की पाठोपाठ सोसायटीचे चेअरमन चढतात. पण कोकोपीट खारट असतं. सोडणात मुळातच सोडियम-पोटॅशियम असतं, त्यात काथ्यासाठी ती खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवलेली असली तर बघायलाच नको. साध्या पाण्याने सुटं मीठ जातं. चिकटून बसलेलं सोडियम काढायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवावं लागतं, म्हणजे कॅल्शियम त्याची जागा घेतं, आणि मग पुन्हा धुवायचं. कोकोपीटची 5 किलोची दाबलेली वीट फुगून 70 लिटरच्या आसपास भरते, तेव्हा पाणी आणि पाठ किती लागते याचा हिशेब करा. पद्धत मी बसवली, हात मावसभावाचे. तो माझा भागीदार होता. शेवटी पेनाएवढा ईसी मीटर (पाण्यातला खारटपणा मोजणारा) बुडवायचा. आकडा 0.5 च्या वर असेल तर पोतं शिवायचं नाही, हा आमचा नियम.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या पुण्याला एकदम कोथिंबीर लावायची हौस आली. दक्षिणेतून विटा येईनात. गाड्या सुरू झाल्यावर नेहमीच्या माणसाकडे माल नव्हता, म्हणून दुसऱ्याकडून घेतला. वेष्टनावर ‘धुतलेले’ असा छाप. मीटरचे सेल संपले होते, आणि रांगेतली गिऱ्हाइकं फोनवर फोन करत होती. मावसभाऊ म्हणाला, “दादा, एकदा धुऊन घेऊ.” मी म्हणालो, “छापलंय ना वर!”

तीन आठवड्यांनी कोथरूडच्या काकूंचा फोन आला. काकू आमच्या पहिल्या गिऱ्हाईक, बँकेतून निवृत्त झालेल्या. कुठल्या बॅगेला किती तांबे पाणी घातलं तेही वहीत लिहितात. म्हणाल्या, “टोमॅटोच्या पानांच्या कडा करपल्यात. पाणी कमी पडलेलं नाही. बुडाच्या भोकातून गळलेलं पाणी मी जिभेला लावून पाहिलं. खारट आहे.”

त्याच दिवशी कुठून तरी सेल मिळवले. मीटर 3 च्या वर गेला. तोवर 140 पोती घरोघर गेली होती.

एफडी मोडली. पोती बदलून दिली. ज्यांची रोपं अजून तग धरून होती त्यांना सांगितलं, बॅगेच्या मापाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओता, खालून निथळू द्या, आणि आठवडाभर खत बंद. (हे एरवीही लक्षात ठेवा. कडा करपल्या की लोक आधी खत घालतात, म्हणजे मिठावर मीठ. बोअरचं पाणी असेल तर मधूनमधून असं निथळून काढाच. आणि टोमॅटोला 12 इंची बॅग पुरत नाही, निदान 15 ची घ्या. धणे अख्खे पेरू नका, चपलेखाली रगडून दोन फाकी करा. विचारलं नव्हतं, ठाऊक आहे.)

त्या धावपळीत मी मावसभावाला चार लोकांसमोर बोललो की तपासणं तुझं काम होतं. ते खरं नव्हतं. दिवाळीनंतर तो गेला. जाताना गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला, हे मात्र मी विसरलेलो नाही. त्या वहीत फोनच नव्हते, कुणाच्या गच्चीवर ऊन किती वाजता येतं तेसुद्धा होतं. आमच्यापासून चार दुकानं सोडून त्याने पाटी लावली : ‘तीनदा धुतलेलं कोकोपीट’. तीनदा! रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आधी पाटी वाचायचा आणि मग आमच्याकडे बघायचा. त्या वर्षी निम्मी रोपं ट्रेमध्येच वाढून वाया गेली.

काकू आमच्याकडेच राहिल्या. फक्त नवीन पोतं घेतलं की आमच्याच झारीतलं पाणी मूठभर मिश्रणावर ओततात, निथळलेला थेंब बोटावर घेतात आणि जिभेला लावतात. दुकानात कितीही गर्दी असो. मी काही बोलत नाही. हल्ली पोत्याच्या शिवणीशी त्या खेपेचा ईसीचा आकडा हाताने लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात एक अनोळखी गिऱ्हाईक मावसभावाच्या दुकानातलं पोतं घेऊन तपासायला माझ्याकडे आलं. एक वाटी मिश्रण, दीड वाटी डिस्टिल्ड पाणी, ढवळलं, गाळलं, मीटर बुडवला. 0.3 आला. आमचं त्या आठवड्यातलं 0.4 होतं. मी आकडा खरा सांगितला, पैसे घेतले नाहीत, आणि दुपारचा डबा तसाच घरी परत नेला.