गवताळ रानावरची पीएचडी आणि अडकलेली परवानगी: माझा अनुभव

माळरानांवर पीएचडी करते म्हटलं की मुलं नेट परीक्षा, जेआरएफ ही फेलोशिप आणि गाईड कसा मिळाला हे विचारतात. ते सगळं जसं सगळ्यांचं होतं तसंच माझंही झालं. खरी अडचण येते संशोधनाच्या परवानगीत, आणि त्याबद्दल आधी कुणीच सांगत नाही.

माझं काम पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळांवर आहे. मेंढरं कोणत्या महिन्यांत चरली तर पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं टिकतात, आणि कधी चरली तर नुसतं कुसळी गवत माजतं, हा माझा प्रश्न. त्यासाठी काही तुकड्यांना तारेचं कुंपण घालायचं, शेजारचे तुकडे चराईला मोकळे ठेवायचे, आणि दोन्हीकडचं गवत कापून, वाळवून वजन करायचं. माझे तुकडे तीन प्रकारच्या जमिनींवर होते. अभयारण्यात काम करायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती आली. गायरानासाठी ग्रामपंचायतीचा ठराव झाला. अडकली ती अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीची फाईल, एका कार्यालयात.

अर्जात 'वनाचा प्रकार' असा रकाना होता. दबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी १९७३ साली देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले, त्यातला आपल्या दख्खनचा सेहिमा-डायकँथियम (पवन्या आणि मारवेल यांच्या शास्त्रीय नावांवरून) हा प्रकार मी लिहिला. 'वनाचा प्रकार नमूद करावा' असा शेरा मारून फाईल परत आली. मग चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वनांच्या वर्गीकरणातलं 'दक्षिणी उष्णकटिबंधीय काटेरी वन' लिहून दिलं, तर झाडांची संख्या आणि बुंध्यांचा घेर मागितला. माळावर मधूनच एखादी बाभूळ, एखादा हिवर. तेवढं मोजून दिलं. मग विचारणा आली की इतकी कमी झाडं असलेल्या जागेत संशोधनाचं प्रयोजन काय. त्यानंतर निघालं की सातबाऱ्यावर जमिनीच्या त्या गटाची नोंद दुसऱ्याच खात्याची आहे, तर तिकडून खुलासा आणा. तिकडे गेले तर ते म्हणाले, जमीन वनाची, आम्ही कसं लिहून देणार?

"मॅडम, तिथं आहे काय? नुसतं गवत," असं मला टेबलापलीकडून सांगण्यात आलं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. त्या नुसत्या गवतात लांडगा पिल्लं वाढवतो, खोकड बिळं करते, धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. दख्खनी मेंढ्यांचे कळप त्याच्यावर जगतात. झाडं मोजून रानाची किंमत ठरवायची सवय इतकी खोल गेली आहे की झाडं कमी दिसली की जमीन पडीक ठरते, आणि मग तिथं चर खणून ग्लिरिसिडियाची झाडं लावणं हेच संवर्धन वाटू लागतं. माझाही गट लागवडीच्या आराखड्यात असल्याचं याच चकरांमध्ये कळलं.

या सगळ्यात पाऊस पडून गेला. गवताचा अभ्यास करणाऱ्यालाच याचा अर्थ कळतो. जूनमध्ये फुटलेलं गवत सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोऱ्यावर येतं, आणि फुलोरा नसताना कित्येक गवतं खात्रीनं ओळखता येत नाहीत. तो हंगाम हुकला की पुढच्या पावसापर्यंत थांबायचं. फेलोशिपची पाच वर्षं मात्र थांबत नाहीत.

शेवटी फाईल हलली ती स्थळपाहणीमुळे. मी पत्रव्यवहार बाजूला ठेवून संयुक्त पाहणीची लेखी मागणी केली. वनरक्षक लहानपणी गुरं राखलेले होते. त्यांना पवन्या आणि कुसळी लांबून ओळखता येत होती, दावणीला कोणतं गवत शिल्लक राहतं हेही माहीत होतं. त्यांच्या अहवालात चाऱ्याची गवतं नावानिशी आली, जागेचा नकाशा आला, आणि मग वरचे शेरे थांबले. परवानगीचं पत्र हातात आलं तेव्हा मी जिन्यातच बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं.

तेव्हा अर्ज जानेवारीतच टाका. सोबत महिन्यांचं वेळापत्रक जोडा आणि जूनच्या आधी कुंपण का हवं हे त्यात ठळक लिहा. पण त्याच्याही आधी प्रत्येक गटाचा सातबारा, गावनकाशा आणि वनखात्याचा नकाशा एकमेकांशी ताडून पाहा. तिन्ही जुळत नसतील तर शक्य असल्यास गटच बदला.

कुंपणाबद्दल धनगरांशी बोलणं हे परवानगीपेक्षा महत्त्वाचं आहे, हे खरं तर आधी लिहायला हवं. दिवाळीनंतर त्यांचे बरेच वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तळ, कोकणाकडे उतरतात, म्हणून ते गावात असतानाच जा. एका तात्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "तार आली की खड्डं येत्यात, खड्ड्यात झाडं, आन् मग आमची मेंढरं भायेर." त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. तुकडे किती लहान आहेत आणि तार कधी निघणार हे मी त्यांना जागेवर दोरी टाकून दाखवलं. पुढे मोकळ्या तुकड्यांत कळप कधी येतो याची नोंद तेच ठेवू लागले, आणि माझ्या प्रबंधातला सगळ्यात भरवशाचा भाग तो आहे.

परवानगीच्या पत्रावर मुदत असते. नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या तीन-चार महिने आधी, प्रगती अहवालासह द्या. पत्राची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः पोचवून पोच घ्या, आणि एक प्रत वनरक्षकांनाही द्या. टपालावर सोडू नका.