प्लगपाना

माळ्यावर पंख्याची दांडी शोधत होतो, हाताला लागला आण्णांचा प्लगपाना, स्पार्क प्लग खोलायचा. चेतक स्कूटरचा. लोखंडी नळीचा, मध्ये आरपार भोक आणि त्यात अडकवायची टॉमी. चेतक विकली तेव्हा आण्णांनी टूलकिटमधून तेवढा काढून घेतला होता आणि गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगितलं होतं, "हरवलाय." तो कोल्हापुरातून पुण्यात माझ्या माळ्यावर कधी चढला, देव जाणे.

खाली पार्किंगमध्ये माझी 1997 ची मारुती 800 आठवडाभर मिसिंग मारत होती. सिग्नलला थांबली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. एरवी मी अशा वेळी गॅरेज गाठतो, शेजारच्या टपरीवर चहा घेतो आणि अधूनमधून "झाली का?" एवढाच तांत्रिक प्रश्न विचारतो. पण रविवारची दुपार, हातात पाना. उतरलो.

कोल्हापूरच्या माणसाने हे कबूल करू नये, पण मी आयुष्यात इंजिनाचा एकही नट फिरवला नव्हता. आमच्या गावात उद्यमनगर आहे. तिथे लेथवरच्या माणसाला नुसता तुटलेला तुकडा दाखवला तरी संध्याकाळपर्यंत अख्खा भाग मिळतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दहावीआधीच हात काळे करून बसली होती. माझे हात स्वच्छ राहिले, कारण माझं काम वेगळं होतं. मी धरायचो.

सकाळी शाळेच्या वेळेलाच चेतक रुसायची. आण्णा आधी तिला तिरकी करत, मग दहा-बारा किका मारत, मग माझ्याकडे न बघता म्हणत, "धर." मी डिक्कीचं झाकण धरायचो. चिंधी धरायचो. प्लग निघाला की तोही चिंधीत धरायचो, गरम. आण्णा तो उजेडात नेऊन, वैद्य जीभ बघतो तसा बघायचे. काळा कोरडा असला तर "पेट्रोल जास्त खातीय", ओला असला तर "ओव्हर झालीय", आणि विटकरी असला तर नुसतं "हं". मग पॉलिशपेपरने घासायचा, हॅक्सॉच्या पात्याने टोकाची ठिणगी पडायची गॅप बघायची, परत बसवायचा. पाना एकदाही माझ्या हातात आला नाही. मीही मागितला नाही, शाळेला उशीर होत असायचा.

तर, बॉनेट उघडलं. मोरी तुंबली तर सोसायटीत कुणी फिरकत नाही, बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत चौघं जमतात. एक म्हणाले बॅटरी, एक म्हणाले पेट्रोलमध्ये पाणी. तिसरे काहीच बोलले नाहीत, नुसते हात मागे बांधून वाकून बघत राहिले. त्यांचा मला जास्त त्रास झाला.

पाना प्लगवर चपखल बसला. चेतकला 21 चा, मारुतीलाही 21 चाच! पहिला प्लग हलेना. टॉमीवर वजन टाकलं, 'कट्' असा आवाज आला आणि पोटात गोळा. काही तुटलं नव्हतं, प्लग सुटला होता. त्या 'कट्'ची जी नशा चढली, तिच्यात पुढचे दोन कधी निघाले कळलंच नाही. तिन्ही पेट्रोलमध्ये बुडवले, घासून चांदीसारखे केले. गॅपसाठी मात्र फीलर गेज, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्या आणवल्या, 0.8 मिमीची घातली. हॅक्सॉच्या पात्यावर माझा विश्वास नाही, किंवा स्वतःवर नाही. बसवताना आधी बोटांनीच फिरवले, कारण हेड ॲल्युमिनियमचं, आटे चुकले की खेळ खलास. मग पान्याने थोडंसं आवळलं. वायरी लावल्या. स्टार्टर मारला.

फट्!

कबुतरं उडाली. चौघं दोन पावलं मागे. पुन्हा घर्र-घर्र, पुन्हा फट्. शेवटी वॉचमनकाका खुर्चीवरून न उठता म्हणाले, "सायेब, वायरी अदलाबदल झाल्या आसतील." झाल्याच होत्या. या तीन सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी 1-3-2 अशा क्रमाने फिरते आणि मी दोनची वायर तीनला दिली होती. बदलल्या. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि अशी शांत चालू लागली की मी उगाच दोनदा बंद करून पुन्हा चालू केली.

रात्री नखांतला काळा जाईना. तसाच कोल्हापूरला फोन लावला.

"आण्णा, आज गाडीचे प्लग मीच साफ केले. तुमच्या पान्याने."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"रंग कसला होता?"

मी बघितलाच नव्हता. आधी घासून टाकले होते.

"आईला देतो," आण्णा म्हणाले.